पाच फुटांचा चर

मी पंचायतीचा वॉटरमन, भरमाणी गुरव.
साडेपाचला व्हॉल्व सोडतो वरच्या गल्लीचा,
सातला खालच्या.
पाणी कमी त्या वर्षी शिव्या जास्त,
हा हिशेब मला तोंडपाठ.

नेटचा चर मीच खणला.
म्हणजे मी, ओमाणी, आणि खानापुरातनं आणलेली चार पोरं.
धारवाडचा इंजिनिअर जीपमधनं उतरला नाही,
काचेतनं पंजा दाखवला, "ऐदु अडी."
पाच फूट.
दोन फुटांवर जांभा लागला.
दिवसभर पहारीनं नुसत्या ठिणग्या काढल्या,
मग मुकादम म्हणाला, पुरे, नळी झाकली म्हणजे झालं.
वहीत पाच लिहिलं.
मजुरी पाचाचीच आली. खोटं कशाला बोलू, घेतली.

केशरी नळी, आत केसाएवढी काच.
"ह्या काचेतनं उजेड पळतो म्हणे," ओमाणी म्हणाला,
"दिल्लीत सुटला की आपल्या पंचायतीत थांबतो.
मध्ये एस्टीसारखं हात केला तरी थांबत नाही."
आम्ही वर माती लोटली आणि बिड्या पेटवल्या.

भिंतीवर पेटी बसली. पेटीला कुलूप, किल्ली बेळगावात.
दारात फलक लागला,
अक्षरं कन्नड, रकमेचे आकडे मात्र सगळ्यांना वाचता आले
आणि सगळ्यांनी दोनदा वाचले.
हिरवा दिवा सव्वीस दिवस लुकलुकला.
त्या सव्वीस दिवसांत सुगंधानं
निम्म्या गावाची पहाणी काढून दिली,
नाडकचेरीला न जाता,
बसच्या तिकिटाशिवाय.

सत्ताविसाव्या दिवशी जेसीबी आला.
पाण्याची नवी स्कीम, घरटी एक तोटी.
पाणी माझं खातं, म्हणून पुढं मीच उभा,
इकडनं घ्या, इकडं माती मऊ आहे.
मऊ होती. मीच केली होती.
बादलीच्या दाताला केशरी काहीतरी लोंबलं,
कोंबडी साफ करताना लोंबतं तसं.
ड्रायव्हरनं झटकलं आणि पुढं गेला.

पाणी आलं. ते खरंच आलं, नाही म्हणणार नाही.

तक्रारीला उत्तरं आली.
पाणीवाले म्हणाले, नळी वर होती.
नेटवाले म्हणाले, पाच फूट आहे, वही बघा.
फॉरेस्टवाले म्हणाले, आता परत खणायला आमची सही लागेल.
पीडीओ दोनदा बदलले.
पेटीवर पालीनं अंडी घातली.

आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात
सोसायटीचा इराप्पा अंगठ्याचं मशीन पिशवीत घालतो
आणि गाव त्याच्या मागनं कातळावर चढतं.
वर दोन कांड्या येतात, नशीब असलं तर तीन.
मल्लव्वा बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात,
टरफलाच्या तेलानं तिचे ठसे खाल्ले,
अंगठा मलप्रभेतल्या गोट्यासारखा.
मशीन म्हणतं, पुन्हा. मशीन म्हणतं, बोट बदला.
ती पदराला पुसते, केसांवर घासते, परत टेकवते,
आणि तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर वाजतं,
गोव्यात आपलं स्वागत आहे.
"आलो वो," मल्लव्वा म्हणते,
"मग तांदूळ हितंच घाला की!"

सगळे हसतात. मीही हसतो.
सुगंधा हसत नाही.
नर्सिंगचा अर्ज, शेवटची तारीख आजची,
फोन डोक्यावर धरून ती कातळाच्या पार कडेला उभी,
पडद्यावर चाक फिरतंय, फिरतंय.
वळून न बघताच ती म्हणते,
"मामा, ते तुटलंय नेमकं कुठं?
कुणाला ठाऊक तरी आहे काय?"

मी व्हॉल्वची किल्ली ह्या हातातनं त्या हातात घेतो.

ब्रह्मदेवाच्या देवळापासून सदतीस पावलं,
कापा फणसाच्या अलीकडं.
वर मी एक चपटा दगड ठेवलाय,
पाणी सोडायला जाताना रोज त्याला वळसा घालतो.
उजेडाची दोन टोकं तिथं आहेत,
दीड हातावर, खोल नाही.
एवढी वर्षं हे मला कुणी विचारलं नव्हतं,
ना साहेबानं, ना वहीनं.

आज विचारलंय.